वेलींसाठी पाच खांब

यमुनाताई चरपे यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला झाडं विकायला नकार दिला त्या दिवशी. डिसेंबर होता, ऊन कोवळं होतं आणि घरापुढे बाग करण्याची हुक्की मला आली होती. मोबाइलमध्ये विलायती बागांचे फोटो घेऊन मी ताईंच्या नर्सरीत गेलो. गालिच्यासारखी हिरवळ, पांढऱ्या दगडांची वाट, निळ्या फुलांचे ताटवे. ताईंनी चष्मा कपाळावर चढवून एकेक फोटो पाहिला.

"झ्याक हाय. मे महिन्यात येईन. दुपारी दोन वाजता घरी राहा."

"अहो ताई, मे महिन्यात दोन वाजता नागपुरात कावळासुद्धा बाहेर पडत नाही."

"म्हनूनच येईन. डिसेंबरात तं कोनाचंबी आंगन गुनाचंच दिसते, भाऊ."

लोकांची टिंगल करणं हा माझा व्यवसाय. मी घरी येऊन ताईंवर एक खुसखुशीत लेख लिहिला. गिऱ्हाइकाला पाच महिन्यांची तारीख देणारी ही नर्सरी आहे की न्यायालय, असा त्याचा सूर होता. ताईंनी तो लॅमिनेट करून गल्ल्याशेजारी टांगला. घाईचं गिऱ्हाईक आलं की त्या नुसतं बोट दाखवतात, "हे वाचा, मंग मांगा." माझ्या लेखनाने समाजाचं काही भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण.

ताई नरखेड तालुक्यातल्या. वडील संत्र्याची कलमं बांधत, कलमाचा डोळा भरण्याचं कसब ताईंच्या बोटांत तिथूनच आलं. पण त्यांची खरी विद्या ऋतूंची. त्यांच्या मते नागपूरला ऋतू एकच, उन्हाळा. बाकीचे दोन म्हणजे सुट्ट्या. म्हणून झाडं आणि वेली आषाढात लावायच्या, म्हणजे वैशाख येईपर्यंत मुळं खोल जातात. शेवंती, पिटुनिया, डेलिया दसऱ्यानंतर. होळी झाली की नवं काही लावायचं नाही, मुळांवर पालापाचोळा पसरायचा आणि मोगऱ्याची वाट पाहायची. एका गृहस्थांना एप्रिलमध्ये गृहप्रवेशासाठी गाडीभर पिटुनिया हव्या होत्या. मागाल ती किंमत द्यायला ते तयार होते. ताई म्हणाल्या, "एप्रिलात पिटुनिया लावनं म्हंजे पाहुण्याले जेवाले बलावून दाराले कुलूप लावनं." गृहस्थ रागावून गेले. दसऱ्यानंतर मुकाट्याने परत आले.

मे महिन्यात ठरल्याप्रमाणे, बरोबर दोनला, ताई आमच्याकडे आल्या. काखेत घडीची लोखंडी खुर्ची, हातात रांगोळीची पिशवी. खुर्ची अंगणाच्या मधोमध मांडून मला म्हणाल्या, "बसा." अकराव्या मिनिटाला मी उठलो.

"जिथं घरधन्याले बसवत नाही, तिथं झाडानं काहून बसावं?"

उत्तर आलं ते माझ्यामागच्या खिडकीतून. "तिले सांग, खुर्ची नळापाशी ठेव. दोनले सावली तिथंच येते."

ते माझे वडील. अर्धांगाचा झटका येऊन, धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी आल्याला त्यांना वर्ष झालं होतं. पाय बऱ्यापैकी सावरला होता, डॉक्टर चालायला सांगत होते. पण एकदा पायरीवर पडले आणि त्यानंतर बाबांनी खोली सोडली नाही. वॉकर आणला, तर म्हणाले, "हे चौकट घेऊन मी लोकायले तोंड दाखवू?" आम्ही समजावलं, चिडलो, रडलोही. ते भिंतीकडे तोंड फिरवत. आता हे असंच राहणार, असं मी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं.

ताई खिडकीशी गेल्या. "आन तीनले कुठं येते, काकाजी?"

"तुळशीपाशी. शेजारच्या निंबाची."

"चारले?"

"पायरीवर. पाहून राहिलो ना रोज. मले दुसरं काम का हाय?"

मग बाबा खिडकीतून सांगत गेले आणि ताई रांगोळीने रेघा ओढत गेल्या. "अशी नाही, बाई, तिरपी!" "तिरपीच हाय, चष्मा पुसा तुमी!" वर्षभरात बाबा एवढं बोलले नव्हते. विलायती फोटोवाल्या घरधन्याकडे चहा आणण्याचं काम होतं.

आषाढात बाग लागली. कुंपणाला कण्हेर, नहाणीच्या पाण्यावर कर्दळ, तीनच्या सावलीत एक ओटा, ओट्याभोवती मोगरा. आणि पायरीपासून ओट्यापर्यंत मधुमालतीसाठी पाच जाड लाकडी खांब.

"ताई, एवढे खांब मंगल कार्यालयालाही नसतात," मी म्हणालो.

"वेलीले लागते," ताई म्हणाल्या.

दसऱ्यानंतर एका सकाळी मी शेवंतीची रोपं लावत होतो. मागे पाऊल घासल्याचा आवाज झाला. बाबा पायरी उतरून पहिल्या खांबाशी उभे होते. त्यांनी हात लांबवला. दुसरा खांब बरोबर हाताशी आला. मग तिसरा. पाचव्या खांबावरचा हात काढून ते ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "रोपं लय जवळ लावून राहिला गा तू." खांबांमधलं अंतर वेलीच्या मापाचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ताईंना फोन केला, तर पलीकडून एवढंच, "मधुमालती जोराची असते, भाऊ. तिले आधार लागते."

त्यावर आजवर त्या एक शब्द अधिक बोललेल्या नाहीत. दुसऱ्याचा मान असा राखणारं माणूस आमच्या शहरात आहे, याचा मला अभिमान वाटतो. आणि अभिमान ही माझ्या लेखणीला सहज मानवणारी गोष्ट नव्हे.

ताईंनी पंच्याहत्तरी गाठली. गुडघे कुरकुरतात, घरचे उन्हात जाऊ देत नाहीत. तरी यंदाच्या मे महिन्यात बाबांचा निरोप गेला, "निंब वाढला. सावली सरकली. येऊन पाहा." ताई दोनला हजर. खुर्ची या वेळी माझ्या काखेत होती. पायरीवर त्या क्षणभर थबकल्या. ओट्यावरून बाबा म्हणाले, "धरा, बाई. वेलीचेच हायेत."

ताई खळखळून हसल्या आणि एकेक खांब धरत ओट्यापर्यंत गेल्या.

कडुनिंब दरवर्षी थोडा वाढतो, सावली दरवर्षी थोडी सरकते. त्यामुळे आमच्या अंगणाचा नकाशा पुरा होण्याची चिन्हं नाहीत. ताईंनी तो दर मे महिन्यात नव्याने काढावा, निरोगी पायांनी यावं, बाबांशी भांडावं, अशी पुष्कळ वर्षं त्यांना लाभोत. खुर्ची मी उचलीन. खांब जागेवर आहेत.