सासूबाईंनी सोडलेले मासे

मंडळी, आमच्या सासूबाईंना ताटात मासा नसला की घास उतरत नाही. म्हणून आजचं सांगतेच.

देवरूखजवळच्या आमच्या गावी सकाळी नदीचं पाणी भातशेतात चढलं, पाण्याबरोबर मासेही आले. मी हातांनीच घमेलंभर पकडले आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी एकेका माशाचं पोट हळूच चाचपलं.

"बाय माझे, पोटात गाबोळी हाय यांच्या. अंडी घालायला वर चढलेत. असला मासा आपण खात नाय."

घमेलं कमरेवर घेऊन त्या स्वतः चिखल तुडवत गेल्या आणि एकूणएक मासा पाण्यात सोडून आल्या.

आता दुपारी ताटात कुळथाची पिठी बघून तणतणतायत मात्र त्याच! अशा बाईच्या पाया पडू की हसू, तुम्हीच सांगा.