वाटीनं मोजलेलं दूध

सोनालीचा आणि बसण्याचा जन्मापासूनच उभा दावा. तिचे वडील भिमा सांगोल्याकडचे मेंढपाळ. वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन या रानातून त्या रानात. सोनाली चालायला शिकली तीच कळपामागे. अशी मुलगी लग्न होऊन सोलापुरात आली, भवानी पेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. नवरा धनाजी टॉवेलच्या कारखान्यात. पहिलं वर्ष तिनं जिना चढण्या-उतरण्यात काढलं. काम नसलं तरी खाली यायची, पेठेला एक चक्कर मारायची आणि परत वर जायची. मग आरोही झाली आणि हिला बसावं लागलं.

लेकराला पाजणं म्हणजे बसणं. दिवसातून दहा-बारा वेळा, आणि दर वेळी लेकराचं पोट भरेपर्यंत. हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी गुरम्मा. या पेठेत एकवीस वर्षं अंगणवाडी चालवते. घरी कानडी बोलते, दारात मराठी, आणि अर्ध्या गल्लीशी तेलुगूत भांडते. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, पेठेलाही. माझ्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. बाळाला जुलाब कमी, न्यूमोनिया कमी. आईचं बाळंतपणानंतरचं अंगावरून जाणं लवकर आटोक्यात येतं, पुढे छातीच्या कॅन्सरची भीतीही कमी होते. सगळं खरं आहे. फक्त तक्त्यातली बाई खुर्चीत बसून हसत पाजते. तिच्या घरी नळाला रोज पाणी येत असावं.

आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आलं की बाई जेवत असो, न्हात असो, की पाजत असो, उठायचं आणि घागर घेऊन धावायचं.

आरोहीच्या तिसऱ्या महिन्याच्या वजनाला सोनाली आली ती घाईतच. काटा चार किलोवर थांबला. मागच्या महिन्यात तीन नऊशे होता. खोलीत दहा-बारा बाया होत्या. मी म्हणाले, "महिन्याभरात शंभरच ग्रॅम? अगं, पाजतेस की नुसती काखेत मारून पेठेत फिरतेस?"

बाया हसल्या. मीही हसले असेन. सोनालीनं आरोहीच्या डोक्यावर टोपडं चढवलं, नाडी बांधली आणि ती निघून गेली. मी दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, पोट भरत नाही एवढंच. जास्त पाजा, पंधरा दिवसांनी परत वजन करा.

तीन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. दारातच सासू, राजाबाई. हिनं सारी उमर यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात घालवली. आता गुडघे गेले म्हणून घरी असते. तिच्या हातात ॲल्युमिनियमची एक जुनी वाटी होती, कड चेपलेली. ती तिनं माझ्या नाकासमोर धरली.

"बघा की ताई. दोनी बाजूनी पिळाय लावलं. तळ बी झाकला न्हाय."

"राजाबाई, असं वाटीत मोजतात का दूध?"

"मग कशात मोजत्यात? आमच्या घरात बायकांना दूध टिकतच न्हाय. माजं बी आटलं हुतं दीड-दोन महिन्यात. धनाजी शेळीच्या दुधावर वाढला. काय बिघडलं त्याचं?"

धनाजी भाकरी खात होता. तो हसून म्हणाला, "माजी खरी आई शेळीच की, ताई. हिनं नुसतं नाव लावलं." राजाबाईही हसली. ही थट्टा त्या घरात जुनी होती. कारखान्यातसुद्धा तो सगळ्यांना हेच सांगत असे.

फळीवर पावडरच्या दुधाचा नवा कोरा डबा ठेवलेला होता. राजाबाईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "पंधरा दिसांनी तुमीच वजन करा. वाढलं तर वाढलं. न्हाय तर डबा फोडायचा, आन हिनं कामाला जायचं. टॉवेल शिलाईला बाया पायजेत म्हणत्यात. हितं बसून करती काय दिसभर?"

आता डब्याशी माझं वैर नाही. ज्या आईला खरंच दूध येत नाही, तिच्या लेकराला डब्यानं जगवलेलं मी पाहिलं आहे. पण इथे तसं काही दिसत नव्हतं. मी तक्ता म्हणून दाखवला. दिवसाचे सहा-सात लंगोट ओले होतात का ते बघा, दूध पुरतं की नाही ते तिथे कळतं, असंही सांगितलं. राजाबाई म्हणाली, "लंगोटात कशाला बघायचं? वाटीत दिसतंय की."

त्या दिवशी मी हट्टानं तिथे दोन तास बसले. सोनालीनं पाजायला घेतलं, तर दोन मिनिटांत चुलीवरची आमटी उतू गेली. ती उठली. परत बसली, तर धनाजीला कामावर न्यायला जेवणाचा डबा हवा. परत बसली, आरोहीनं जरा कुठे डोळे मिटून ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. सोनालीनं तोंडातलं दूध सोडवून लेकरू गादीवर ठेवलं आणि दोन घागरी घेऊन जिन्यावरून उतरली. घरात पाणी चढवणारी तीच एक होती. पाऊण तास तिचा जिना चालू होता. लेकरू रडत होतं आणि राजाबाई त्याच्या तोंडात चमच्यानं साखरपाणी सोडत होती. सोनाली वर आली तेव्हा आरोही रडून रडून आणि साखरपाण्यानं पोट फुगून झोपली होती. मग राजाबाईनं वाटी पुढे केली.

माझं डोकं सणकलं. मी राजाबाईला बोलले, सोनालीला बोलले, साखरपाण्याचा चमचा मोरीत टाकला. वीस मिनिटं नुसती आग. कुणाला काही पटलं नाही, आणि मला घरी येऊन भाकरी गोड लागली नाही.

सोनाली दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दारात उभी. आरोही खांद्यावर, आणि ही एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"ताई, मेंढरामागं दहा कोस चालून माझं पाय कधी दुखलं न्हाईत. हितं बसून दुखत्यात. बसलं की वाटतंय, भिंती जवळ याय लागल्यात."

"मग जा की कामावर. तुझी तुला मोकळीक."

"जावंसं वाटतंय की. खोटं कशाला बोलू? तितं हातपाय तरी हालतील. पर हिनं तोंड लावलं की जरा वेळानं सगळं अंग ढिलं पडतंय बघा, लई बरं वाटतंय. तेवडंच माझं हाय ह्या घरात. ते बी माझ्यानं जमंना म्हणलं तर…"

तिनं वाक्य सोडून दिलं. वाटी पुढे आली की तिची छाती गच्च व्हायची, थेंब यायचा नाही. राजाबाई समोर बसून बघत असायची. दिवसातून तीनदा. मला एकदम लाज वाटली. त्या दिवशी दहा बायांसमोर मीही तिच्यापुढे वाटीच धरली होती.

मी तिला खाली बसवलं, हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं, आणि रोज जाऊ लागले. पण वाटी काही हलली नाही. पंधरातले आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मी गेले तर उंबऱ्याशी भिमा बसलेला. मंगळवेढ्याच्या रस्त्याला कुणाच्या तरी रानात त्याची मेंढरं खतासाठी बसायला होती, तिथून तो नात बघायला चालत आला होता. खारकेची पुडी पुढ्यात. सोनाली आतल्या खोलीत, पडद्याआड. राजाबाई बाहेर आली ती वाटी घेऊनच, आणि कुणी विचारायच्या आत सांगती झाली, तळ झाकला न्हाय म्हणून.

भिमानं वाटीकडे पाहिलं. बाप आपल्या लेकीच्या दुधाबद्दल बोलणार कसा? त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं, मुंडासं सारखं केलं, आणि रस्त्यालाच सांगावं तसा बोलला.

"इहीनबाई, मेंढीचं सांगतो. पैल्यांदा व्यालेली मेंढी माणसाचा हात लागला की पान्हा चोरती. कितीबी वडा, वाटी भरत न्हाय. आन तिला भ्या दावलं तर मुळीच न्हाय. पर तिचं कोकरू खाली सोडा. त्यानं दोन ढुशा मारल्या की सोडती. हातानं काडून मेंढीचं दूध मोजायचं नस्तं. कोकराचं प्वाट बघायचं."

राजाबाई म्हणाली, "आन कोकरू पीत असताना काडून घेतलं तर?"

"तर त्ये उपाशी ऱ्हातंय, आन मेंढीला वाटतंय, एवडंच लागतंय. दुसऱ्या दिशी ती तेवडंच करती. कोकरू पार लांबच बांदलं तर आट-पंधरा दिसात आटती. मेंढी चांगली असली तरी आटती. त्यात मेंढीची काय चूक?"

राजाबाईनं वाटीकडे पाहिलं आणि ती घेऊन आत गेली. भिमानं नातीला दोन मिनिटं मांडीवर घेतलं, मेंढरं एकटी आहेत म्हणाला, आणि आला तसा चालत गेला. एकवीस वर्षांत मला जे कुणाच्या डोक्यात घालता आलं नाही ते तो रस्त्याला सांगून गेला. मला राग आला, खरं सांगते. मग हसू आलं.

दोन दिवसांनी भर दुपारी पाणी आलं तेव्हा मी त्यांच्याच जिन्याखाली होते. वरून राजाबाई उतरत होती. एका हातात कळशी, दुसरा हात गुडघ्यावर, एकेका पायरीवर थांबत.

"राजाबाई, तुम्ही? गुडघे?"

"गुडघं कुटं पळून जात न्हाईत. ती पाजती हाय, तिला उटवायचं न्हाय."

तिनं चौदा खेपा केल्या. मी मोजल्या, कारण मधल्या सहा खेपांना घागर मीच धरली होती. धनाजी कामावरून आला तर राजाबाईनं त्याला दारातच सांगितलं, आजपासून तुझा डबा तू भरायचा. वर सोनाली भिंतीला टेकून बसली होती. पायाची बोटं हलतच होती तिची, ती काही थांबणार नाहीत. पण आरोही पीत होती, सलग, घटाघटा गिळल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. वाटी मला कुठे दिसली नाही. साखरपाण्याचा चमचाही नाही.

पंधराव्या दिवशी तिघी वजनाला आल्या, सासू, सून आणि आरोही. वाटेत सोनाली चार पावलं पुढे जायची आणि सासूसाठी थांबायची. राजाबाईच्या हातात डब्याची पिशवी होती. वाढलं नाही तर इथूनच घरी जाऊन फोडायचा, शब्द म्हणजे शब्द. आरोहीला काट्यावर ठेवलं. तिनं पाय झाडले, आकडा हलत राहिला. सोनालीनं काट्याकडे पाठ केली.

चार किलो चारशे वीस.

यावेळी मी ओरडले नाही. उठून सोनालीच्या कानात सांगितलं. तिनं जागच्या जागी फरशीवर बसकण मारली आणि पदर तोंडात धरून रडली. मग म्हणाली, "ताई, परत एकदा बघा." मी परत एकदा पाहिलं. तेवढंच होतं.

बाया गेल्या. सोनाली आरोहीला पाजत आतल्या कोपऱ्यात बसली. राजाबाई माझ्याजवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "ताई, त्ये भिमा म्हणला त्ये मेंढीचं. बाईचं बी तसंच असतंय?"

"तसंच असतं. लेकरू पितं तसं दूध येतं. लेकरू लांब राहिलं की कमी कमी होत जातं."

तिनं डब्याची पिशवी खाली ठेवली.

"मी चाळिसाव्या दिशी कारखान्यात परत गेले. धनाजी घरी, सासूपाशी. चहाच्या सुट्टीपतूर छाती दगडावानी व्हायची. मागल्या मोरीत जायची, डब्यातली ती वाटी घिऊन. किती निगतंय बघायची आन मोरीत वतायची. पैल्यांदा वाटी भरायची. मग अर्दी. मग तळ बी झाकंना. सासू म्हणली, तुज्यातच कमी हाय. मला बी तसंच वाटलं. वाटीत दिसत हुतं की."

मी वजनाची वही मिटली.

"म्हंजे मला दूध हुतं," ती म्हणाली.

"होतं, राजाबाई. भरपूर होतं."

तिनं मान हलवली. डब्याची पिशवी उचलली, डबा ती वाटेत दुकानदाराला परत देणार होती. उंबऱ्याशी गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि सुनेला म्हणाली, "तू बस. तिचं होऊ दे. मी होते म्होरं." मग माझ्याकडे वळली.

"त्यो सगळ्या कारखान्यात सांगत हिंडतोय, शेळीनं वाढवलं म्हणून. आज घरी आला की सांगते त्याला. तुज्या आईला दूध हुतं म्हणून."