कोणीही नसलेला फोटो

“या भिंतीवर मला कोणी माणूस नकोय,” वानखेडे मॅडम म्हणाल्या.

भिंत रिकामी होती. एवढी मोठी, की नागपूरहून निघालेलं विमान चुकून तिच्यावर उतरलं असतं. आमच्या आंबेडकर असोसिएशननं टोरांटोत स्वतःचा हॉल घेतला. त्यातली मागची खोली ध्यानासाठी ठेवली. तिच्यातली समोरची ही भिंत. वानखेडे मॅडम आमच्या अध्यक्ष. दिवसा नॉर्थ यॉर्कच्या एका ऑफिसात ऑडिट करतात, संध्याकाळी आमचं करतात.

“कमिटी म्हणते रेडिमेड पोस्टर मागवू,” त्या म्हणाल्या. “समुद्र, सूर्यास्त, होडी.”

“पोस्टर?” मी ओरडलो. “मी जिवंत असताना? मॅडम, टोरांटोपासून विंडसरपर्यंत असा एक बँक्वेट हॉल दाखवा जिथं या ढोकेनं लग्न शूट केलं नाही!”

“तेच तर म्हणते न, ढोके भाऊ. तुमच्या फोटोत कोणी ना कोणी असतंच. तुम्ही नायगाराचा फोटो काढला तरी त्यात कोणाची तरी मावशी असते. आम्हाला इथं शांतता पाहिजे. रिकामी, मोठी शांतता. तुमच्याच्यानं नाही होणार.”

माझ्या धंद्यात हे वाक्य कोणी बोलत नाही. मी सगळ्या कमिटीसमोर सांगून टाकलं, “बुद्धपौर्णिमेआधी या भिंतीचा फोटो आणतो. नाही आणला, तर या हॉलमध्ये पुन्हा कॅमेरा उचलणार नाही.”

हे बोलणं सोपं नव्हतं. एका बेसमेंटमध्ये चार कुटुंबं जमत होतो, तेव्हापासूनचा आमचा प्रत्येक कार्यक्रम मीच काढलाय. ते माझं असोसिएशनमधलं पद आहे. खजिनदार बदलतात, फोटोग्राफर नाही. आणि आता ते पद मी स्वतःच्या तोंडानं भिंतीला टांगलं होतं. कमिटीतल्या एकानं शांतपणे मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहूनही घेतलं.

म्हणून जानेवारीत मी युकॉनला गेलो.

युकॉन म्हणजे कॅनडाच्या नकाशावर वरचा डावा कोपरा. तिथं विंटर लँडस्केपचं एक छोटं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे एक अनुभवी फोटोग्राफर पाच-सहा जणांना आपल्या माहितीच्या जागी घेऊन जातो, दिवसभर शिकवतो, आणि संध्याकाळी प्रत्येकाचे फोटो मोठ्या पडद्यावर लावून प्रेमानं अब्रू काढतो. आमची लीडर होती जोझियान. मूळची माँट्रियलची. उंचीनं माझ्या खांद्याइतकी, आवाजानं वानखेडे मॅडमइतकी.

निघताना मी हॉलच्या पार्किंगमध्ये बर्फ शोव्हल करताना घालतो ते जाड पिवळं जॅकेट घातलं होतं. माझी पोरगी म्हणाली, “बाबा, यू लुक लाइक अ स्कूल बस.” मी म्हटलं, असू दे, हरवलो तर सापडेन.

थंडीबद्दल काय सांगू? उणे अडतीस. नाकातून श्वास घेतला की आत काचेच्या बांगड्या वाजतात. माझी मिशी इतकी कडक झाली, की तिच्या डाव्या टोकाला मी लेन्सची कॅप अडकवून ठेवत होतो. कॅमेऱ्याची बॅटरी बाहेर काढली की बेशुद्ध पडते. म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, छातीला लावून ठेवायच्या; अंगाच्या उबेनं त्या पुन्हा शुद्धीवर येतात. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर इतक्या बॅटऱ्या होत्या, की मला कोणी चार्जरला जोडलं असतं तर मी पेटलो असतो.

आणि जोझियानचा एक नियम होता. ती गाडीतून उतरली की काठीनं बर्फावर एक रेघ ओढायची.

“या रेघेच्या पुढे कोणाचं पाऊल नाही. कोणाचंही. कधीही.”

कारण सांगतो. फोटोत आपल्या सगळ्यात जवळचा जो भाग असतो, त्याला आम्ही फोरग्राउंड म्हणतो. बर्फाच्या फोटोत फोरग्राउंड म्हणजे कोरा, न तुडवलेला बर्फ. त्यावर एक पाऊल उमटलं, की पुन्हा बर्फ पडेपर्यंत ते तिथंच. एकाचं पाऊल, सहा जणांचा फोटो गेला.

मला नियम पटला. तो पाळणं वेगळं.

पहिले काही दिवस गोठलेलं धुकं होतं. डोंगर कुठं आहेत हे फक्त जोझियानला माहीत होतं. संध्याकाळी लॉजमध्ये माझे फोटो पडद्यावर लागले. पहिल्यात झाडं, आणि डगची पाठ. दुसऱ्यात गोठलेला ओढा, आणि डगची टोपी. तिसऱ्यात नुसता डग.

डग म्हणजे आमच्यातला सगळ्यात गप्प माणूस. रेजिना शहरातला. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला. तो दिवसभरात दोनदा बोलायचा, आणि त्यातलं एक ‘मॉर्निंग’ असायचं.

“ढोके,” जोझियान म्हणाली, “तू इतक्या लांब डगचे फोटो काढायला आलास?”

“हा बरा आलाय,” डग तिसऱ्याकडे बघून म्हणाला. “बायकोला पाठवशील?”

सगळे हसले. मीही हसलो, पण वानखेडे मॅडम खरं बोलल्या होत्या. रिकामी जागा दिसली की माझा डोळा तिच्यात माणूस शोधतो. मला झाड दाखवा, मी त्याला म्हणेन, चिन अप, थोडं लेफ्ट, स्माइल.

शेवटच्या दिवशी धुकं उठलं.

आम्ही दरीच्या तोंडाशी उभे होतो. समोर पांढरं मैदान, त्यापलीकडे डोंगर. माझा मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर. जोझियाननं येऊन त्यातून बघितलं, बोटभर डावीकडे वळवला, आणि पहिल्यांदाच मान डोलावली. “व्वाला. यात कोणी नाही. आता हात खिशात, आणि थांब. सूर्य डोंगराच्या कडेवर येईल, थोडा वेळ राहील, जाईल. तो आला की बटण दाब. फक्त बटण.”

माझा दुसरा कॅमेरा छातीवर पट्ट्याला लटकत होता. लग्नाचा फोटोग्राफर दोन कॅमेरे लटकवल्याशिवाय बाथरूमलाही जात नाही. तो नसता, तर ही गोष्ट नसती.

कारण आता माझ्या धंद्याचं खरं दुखणं सांगतो. लग्नात हार घालायची वेळ येते, तेव्हा माझ्यापुढे कोण असतं? नवरदेवाचे मामा, नवरीचे काका, आणि आयपॅड डोक्यावर धरलेली एक आत्या. सगळे मध्ये. त्या क्षणी जो पुढं घुसतो त्यालाच फोटो मिळतो. माझे पाय हे शिकलेत. क्षण आला की ते मला विचारत नाहीत.

सूर्य आला.

आधी कडेवर एक ठिणगी. मग सगळी हवा पेटली. मी खोटं बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा एवढं चांगलं बोलता येत नाही. ढग नव्हता, बर्फ पडत नव्हता, तरी हवेत बर्फाचे बारीक कण तरंगत होते, आणि प्रत्येक कण चमकत होता. आणि त्या कणांमुळेच सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणखी दोन सूर्य उभे राहिले. थोडे लहान, कडेनं लालसर, नटलेले. नवरीच्या दोन बाजूंना दोन करवल्या.

माझे पाय सुटले.

“एक्सक्यूज मी! अंकल, साइड प्लीज!” असं ओरडत मी धावलो. त्या दरीत शंभर किलोमीटरवर एक अंकल नव्हता. वाऱ्यानं वरचा थर घट्ट झाला होता, त्यावरून मी हरणासारखा गेलो. डग म्हणतो, म्हशीसारखा. बराच पुढं पोचलो, आणि थर फुटला. मी छातीपर्यंत आत.

मागून आवाज आला, “बूज पा!”

फ्रेंच मला येत नाही. पण अर्थ पायापर्यंत पोचला. हलू नकोस.

“सॉरी, मी येतो परत—”

“अजिबात नाही! परत आलास तर आणखी पावलं. धडपडलास तर तिथं स्विमिंग पूल. जिथं आहेस तिथं राहा!”

“किती वेळ?”

“सूर्य आहे तोवर. आणि तोंड बंद! तू बोललास की वाफ येते. फ्रेममध्ये धुरांडं दिसतंय!”

मी तोंड बंद केलं. हे वाक्य घाईत वाचू नका. माझ्या आयुष्यात ते फार वेळा आलेलं नाही.

छातीवरचा कॅमेरा अजून हातात होता. लेन्सवर बर्फ बसला होता. सवयीनं मी त्यावर ‘हा’ केलं, बाहीनं पुसायला गेलो. उणे अडतीसमध्ये लेन्सवर ‘हा’ केला, तर तो ‘हा’ तिथंच गोठतो. लेन्स बाथरूमच्या काचेसारखी झाली. संपलं. पुढं काही दिसेना.

म्हणून मी मान वर केली आणि नुसता बघत राहिलो.

आता माझ्यापाशी अतिशयोक्ती नाही. जे होतं ते तिच्यापेक्षा मोठं होतं. तीन सूर्य, आणि त्यांना जोडणारी एक फिकट कमान. चमकणारे कण इतके सावकाश खाली येत होते, की ते पडताहेत की मी वर जातोय हे कळेना. काही माझ्या बाहीवर बसले. डोंगराची निळी सावली मैदानावरून मागं सरकत होती, आणि तिच्यामागून येणारा उजेड मला आधी दिसला, मग तोंडावर जाणवला. आवाज कसलाच नव्हता. पक्षी नाही, पाणी नाही, वारासुद्धा नाही. कानात फक्त माझंच रक्त. मी श्वास बारीक केला, वाफ येऊ नये म्हणून. मग रक्ताचा आवाजही खाली गेला.

इतक्या मोठ्या जागेत मी कधी इतका छोटा नव्हतो, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. हार, मामा, आत्या, भिंत, पद, सगळं कुठंतरी दूर राहिलं. कोणाला चिन अप म्हणायचं नव्हतं. जे समोर होतं ते माझ्याशिवाय आधीच नीट उभं होतं.

मागून डगनं हाक मारली, “तुझा कॅमेरा इथं नुसता उभा आहे. बटण दाबू?”

मी अंगठा वर केला.

“हात खाली!” जोझियान ओरडली.

मग सावली परत आली, करवल्या गेल्या, नवरी गेली. दोघांनी बगलेत हात घालून मला उपसलं. व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामहून आलेला एक गृहस्थ विमानतळापर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं. इतके दिवस तोही याच एका सूर्यासाठी थांबला होता. मी माफी मागितली, तेव्हा त्यानं फक्त गाडीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

लॉजमध्ये शिरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा लागतो, नाहीतर आतल्या उबेनं त्यावर पाणी धरतं. तो हळूहळू गरम होईस्तोवर मी पिशवीभोवती फेऱ्या मारल्या. मग स्क्रीन लावला.

अख्खी दरी होती. तीन सूर्य होते. आणि मधोमध, त्या पांढऱ्यावर, कोणी हळदीचं बोट टेकवावं तसा एक पिवळा ठिपका.

मी.

टोरांटोला परतल्यावर मी तो ठिपका पुसला. फोटोतली नको असलेली वस्तू कॉम्प्युटरवर पुसणं आमच्याकडे रोजचं काम. लग्नात मी किती पंखे, किती एक्झिटचे बोर्ड, आणि नंतर बोलणं बंद झालेले किती साडू पुसलेत, त्याला गणती नाही. माझा ठिपका चहा निवायच्या आत गेला. कोणी नसलेला फोटो तयार.

दोन्ही प्रिंट घेऊन हॉलमध्ये गेलो. कमिटी बसली होती. पुसलेला आधी उघडला.

वानखेडे मॅडम बघत राहिल्या. “छान आहे. पण हे किती मोठं आहे, ते समजत नाही. डोंगर आहे की अंगणातला ढीग?”

मिनिट्सवाल्यानं पेन उघडलं.

मग मी दुसरा प्रिंट उघडला. खोलीत एकदम डोंगर डोंगराएवढा झाला. मॅडम खुर्चीवरून उठल्या, प्रिंटजवळ गेल्या, चष्मा वर केला.

“हे पिवळं काय आहे?”

“तिथला एक स्थानिक माणूस, मॅडम. शिकारी असावा. तिकडचे लोक असेच—”

“ढोके भाऊ, हे आपलं शोव्हलचं जॅकेट आहे.”

“...हो.”

“काय करून राहिले तुम्ही तिथं?”

“बसलो होतो.”

“बोलत होते?”

“नाही. बोलायला मनाई होती.”

“किती वेळ?”

“एक तास!”

“ढोके भाऊ.”

“अर्धा.”

“ढोके भाऊ.”

“दहा-बारा मिनिटं, मॅडम. पण पूर्ण.”

त्या परत प्रिंटकडे वळल्या. मग कमिटीला म्हणाल्या, “हाच लावा. आपण नुसती शांतता मागितली होती. दहा मिनिटं गप्प बसलेले ढोके भाऊ म्हणजे त्याच्याही वरचं काम आहे.”

मिनिट्सवाल्यानं तेही लिहून घेतलं.

बुद्धपौर्णिमेला मी हॉलमध्ये कॅमेरा उचलला. फोटो भिंतीवर आहे. खाली कोणाचं नाव लिहायचं, यावर अजून एकमत नाही: कॅमेरा माझा, फ्रेम जोझियानची, बोट डगचं. डगला प्रिंट पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, ‘हाही बरा आलाय.’ हॉलमधली पोरं विचारतात, अंकल, हू इज दॅट? मी प्रत्येकाला वेगळं सांगतो. सध्या तो एका अस्वलाशी बोलणी करतोय.

यातून शिकण्यासारखं एवढंच. लग्नात पुढं घुसल्याशिवाय फोटो मिळत नाही. बर्फात पुढं घुसलात, तर फोटो दुसऱ्याला मिळतो आणि तुम्ही त्यात मिळता. आणि लेन्सवर ‘हा’ करू नका.