पायऱ्या नसलेली गल्ली

चार दिवस पेंटर शिडीवर चढत होते आणि रंग न लावताच उतरत होते. आमच्या वाचनालयाच्या लांब भिंतीवर गावाचा जुना नकाशा रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं. नकाशा म्हणजे नुसत्या रेघा नाहीत, घरंदारं दिसतील असा. नदी झाली, पूल झाला, बाजार झाला, गिरणीची चिमणी धुरासकट झाली. राहिली होती फक्त खालची गल्ली, आणि तिच्यातलीही एकच जागा, वहीच्या पानाएवढी. रविवारी उद्घाटन होतं आणि बुधवार उजाडला होता.

मी तिथे रोज जात होते, कारण त्याच दालनात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं आणि माझ्याकडे फोटोंच्या तीन पेट्या होत्या. नाटकात तीस वर्षं काढलेल्या बाईकडे दुसरं असणार काय? पण पेट्या उघड्याच राहिल्या आणि मी पेंटरांकडे बघत बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, काठीसारखा सरळ. आमच्या कंपनीचे सगळे पडदे यांचेच. मी ज्या ज्या राजवाड्यात राहिले तो यांनी उभा केला, आणि त्यातल्या एकालाही मागची बाजू नव्हती. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी हातावर हात ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं. आता ब्रश पाण्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा, परत बुडवायचा. मध्येच उठून बाहेर जायचं. खालची गल्ली होती तिथे आता गाड्या लावतात. त्या गाड्यांच्या मधून पावलं मोजत फिरायचं, आणि घामाघूम होऊन परत यायचं.

"काय पेंटर, अजून विचारच?" मास्तर आले. हे निवृत्त गणित शिक्षक, आमच्या इतिहास मंडळाचे चिटणीस. "चार रेघा ओढायच्या आहेत. पायऱ्या आहेत त्या, राजवाडा नाही."

"तिथे पायऱ्या नव्हत्या, मास्तर."

मास्तर हसले. मग वरचा ओठ बोटाने उचलून त्यांनी सगळ्यांना एक फट दाखवली. "नव्हत्या? मग हा गेला कुठे? तिसरीत होतो. वरच्या रस्त्यावरून धावत सुटलो, चौथ्या पायरीवर पाय घसरला. सदरा रक्ताने भरला, आणि आईने वर दोन धपाटे दिले ते वेगळेच."

"आम्ही तर तिथे ठिकरी खेळायचो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या. गल्ली पाडली तेव्हा त्यांचा जन्मसुद्धा व्हायचा होता, पण हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या तर नाहीच.

"आणि मोजणीचा नकाशा बघा." मास्तरांनी टेबलावरचा जुना कागद सरळ केला. "हे गोदाम, हा दवाखाना, मध्ये मोकळी जागा. माणसं वरून खाली येणार कुठून? तिथूनच. साधं गणित आहे. आणि अहो, तुमचाच पडदा टांगलाय समोर!"

तो खरंच टांगला होता. आमच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाचा पडदा, खालच्या गल्लीचा. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी वाचनालयाला दिलेला. गोदाम, दवाखाना, दिव्याचे खांब, फुटकी कौलंसुद्धा जशीच्या तशी, आणि मधोमध वरच्या रस्त्याकडे जाणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या.

"तो पडदा खोटा आहे," पेंटर म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मी त्यांच्या मागे गेले. आवारातल्या बाकावर बसले होते, पण बसले कसले, गुडघा सारखा हलत होता.

"बाई, पडद्यात पायऱ्या कशा आल्या, आठवतं?"

मला आठवत होतं. अगदी लख्ख. तालमीच्या खोलीत त्यांनी कागद पसरला होता, अख्खी गल्ली पेन्सिलीने काढलेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, आणि नाकाचा शेंडा आभाळाला लागलेला. गोदाम आणि दवाखान्याच्या मध्ये एक पत्र्याची खोली होती. मी तिच्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "हे डबडं कशाला? पुसा ते. इथे पायऱ्या करा, मी वरून उतरत येते. विंगेतून चालत यायला मी काय पाणी आणून द्यायला येतेय?" मालक हसले. पेंटर म्हणाले, "बरं बाई." पडद्याच्या पुढे लाकडी पायऱ्या लागल्या आणि अकरा वर्षं मी त्यांच्यावरून उतरले. तिसऱ्या पायरीला टाळी ठरलेली.

"ते डबडं आमचं घर होतं," पेंटर म्हणाले.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

मग त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. मोजणी झाली तेव्हा ती जागा मोकळीच होती. नंतर वडिलांनी तिथे पत्रा घातला. मागे वरच्या रस्त्याची दगडी भिंत आयती मिळाली. वडील लवकर गेले. आईने कोळशाच्या इस्त्रीवर दोन मुलं वाढवली. आमच्या कंपनीचे कपडेही तिच्याकडेच यायचे. म्हणजे ज्या झग्यात मी त्या पायऱ्या उतरत होते, त्याच्या चुण्या त्या बाईने केलेल्या होत्या.

"अहो, मग बोलायचं नाही का तेव्हा!"

"तुम्ही नायिका. मी पंचविशीतला पोरगा. आणि खरं सांगू? मलाही ते डबडंच वाटायचं."

पडदा आला आणि दोन वर्षांत गल्ली पाडली. या नकाशासाठी त्यांनी लोकांकडे फोटो शोधले, तर सगळे फोटो बाजाराचे नाहीतर पुलाचे. इस्त्रीच्या खोलीचा फोटो काढणार कोण? गल्ली उरली ती पडद्यात. गावातल्या पोरांनी नाटक पाच-पाच वेळा पाहिलं आणि ती मोठी होईपर्यंत पायऱ्या खऱ्या झाल्या.

"मग आता काढा ना खोली. ब्रश तुमच्याच हातात आहे. मास्तरांना मी बघते."

"काय काढू?" त्यांनी डोळे घट्ट मिटले. "मिटले की पायऱ्याच दिसतात, बाई. अकरा वर्षांत तो पडदा मी सहा वेळा नव्याने रंगवलाय. खोलीचं दार कुठल्या अंगाला होतं? खिडकी होती का? मी बाहेर जाऊन पावलं मोजतो आणि पावलं पायऱ्याच चढायला लागतात. मास्तरांना काय हसू? जन्माला आलो ते घर माझ्याच डोक्यातून पुसलं गेलंय. अंदाजाने काढलं, तर ते दुसरं खोटं."

"कुणाला तरी आठवत असेल."

गुडघा हलायचा थांबला. "अक्काला आठवत असेल."

"मग विचारा."

"तिला कसं विचारू?"

पहिल्या प्रयोगाला अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा दिसला. सगळी गल्ली होती, ओळखीचा प्रत्येक दगड होता, आपलं घर तेवढं नव्हतं. आई म्हणाली, "छान रंगवलंय." दुसरं काही बोलली नाही. मध्यंतरात अक्का आईला घेऊन घरी गेली. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांकडे जात होते, पण कुणी आजारी असलं किंवा गेलं तरच.

गुरुवारी सकाळी मी रिक्षा केली आणि त्यांना आत कोंबलं. दोनदा ते म्हणाले, पाकीट विसरलं, परत जाऊ. मी ऐकलं नाही. तिसऱ्या मजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका बुटक्या बाईंनी दार उघडलं.

"छोट्या? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, अक्का."

"मग तू कसा आलास?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही त्याच ना? पायऱ्यांवरच्या?"

"त्याच," मी म्हणाले. "आणि त्या पायऱ्या मीच मागितल्या होत्या. यांनी तुमची खोली काढली होती. मी पुसायला लावली. ती कुणाची, हे मला काल कळलं."

अक्का खुर्चीत बसल्या. मग सावकाश भावाकडे वळल्या.

"आणि त्रेपन्न वर्षं तुला हे सांगता आलं नाही, गाढवा?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ऐकलंस कशाला."

"आत्ताही तेच म्हणते. ऐकलंस कशाला?"

पेंटर जमिनीकडे बघत होते. "मला लाज वाटायची अक्का. खोलीची."

मला वाटलं आता भांडण होणार. अक्का उठल्या, गुडघा धरून कपाटापर्यंत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "मलाही वाटायची," त्या डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या. "मैत्रिणींना सांगायचे, दवाखान्याच्या वर राहतो. पण मी ते चारशे माणसांना रंगवून नाही दाखवलं."

डब्यात एक फोटो होता. फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, काळापांढरा, कडा कुरतडलेल्या. उंबऱ्यात उभी एक बारीक बाई, हातात इस्त्री, डोळे उन्हाने बारीक झालेले. दाराची एकच फळी दिसत होती आणि तिच्या कडेला दिव्याचा खांब. पेंटरांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ त्यांना दार दिसलंच नाही.

शुक्रवारी अक्का वाचनालयात आल्या. मास्तरांनी त्यांनाही दाताची फट दाखवली आणि मग फोटो भिंगाखाली धरला.

"आजी, राग मानू नका. पण हे दार कुठलंही असू शकतं. इतिहासाला पुरावा लागतो."

"दाताचा पुरावा चालतो आणि दाराचा चालत नाही?"

ग्रंथपाल बाई तोंडाला रुमाल लावून खोकल्या. मास्तर पुन्हा भिंगात वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले.

"खांबावर आकडा आहे," ते म्हणाले. "सतरा."

मोजणीच्या नकाशात दिव्यांच्या खांबांची बारीक वर्तुळं होती आणि प्रत्येकाशेजारी आकडा. इतके दिवस तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरांचं बोट गल्लीतून सरकत गेलं. पंधरा बाजाराच्या तोंडाशी. सोळा गोदामाच्या कोपऱ्यावर. सतरा मोकळ्या जागेच्या बरोबर समोर.

मास्तरांची जीभ गालाच्या आतून त्या फटीशी चाळा करत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"मग माझा दात पडला कुठे?"

"तोंडातून पडला असेल," अक्का म्हणाल्या. "आणखी कुठून पडणार? छोट्या, चढ वर."

पेंटर शिडीवर चढले. ब्रश भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. आता हे पुन्हा खाली उतरणार, असंच मला वाटलं.

"अक्का, पायऱ्याच येतायत गं डोळ्यापुढे."

"येऊ देत. तू त्यांच्याकडे बघू नकोस, मी सांगते ते काढ. दार खांबाच्या डावीकडे. आणखी डावीकडे! इस्त्रीचं टेबल आडवं करून आत न्यावं लागायचं, म्हणजे दार अरुंदच. खिडकी नव्हती. पत्र्याला पुढे उतार. वर दोन विटा ठेवलेल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. तीन होत्या. नाही, दोनच."

ब्रश हलू लागला. गोदामाच्या भिंतीला टेकून एक खोली हळूहळू उभी राहत होती. मास्तर शिडी धरून उभे होते. त्यांना कुणी धरायला सांगितलं नव्हतं.

"दाराचा रंग?" वरून आवाज आला.

अक्कांनी फोटोकडे पाहिलं. फोटोत सगळंच करडं. "मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला. "उगाच काहीतरी सांगणार नाही मी."

पेंटर वर तसेच उभे राहिले. मग त्यांनी निळ्याच्या डब्यात ब्रश बुडवला, त्यात थोडा हिरवा घेतला, झाकणावर घोटला आणि दाराला पहिला हात मारला.

अक्का दोन पावलं मागे सरकल्या. "गडद झाला. फिका कर जरा. आई सोड्याने घासायची ना."

"घासायची," पेंटर म्हणाले. त्यांनी ब्रश पाण्यात हलवला. "पण उजव्या हाताने. डावीकडे टेबल आड यायचं आणि तिथवर हात पोचायचा नाही तिचा. तिकडची कड कायम गडद राहिली."

आणि कुणाच्या सांगण्याची वाट न बघता त्यांनी ती कड गडद केली.