विमानाच्या नाकावरचं लिंबू

थर्माकोलच्या गोंदाचा वास आला की मालेगावच्या आमच्या घरामागच्या रिकाम्या शेतात उडवलेलं छोटं विमान आठवतं. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीनं मैत्रिणींसोबत ते स्पर्धेसाठी बनवलं होतं आणि प्रत्येक भाग तोलून वजनाचा तक्ता मी लिहिला होता. स्पर्धा उद्यावर आली, तरी शेपूट जड असल्यानं विमान चारदा पडलं. तेवढ्यात बायकोनं नव्या गाडीसारखी त्याची पूजा करून नाकाला लिंबू-मिरची बांधली. "काढ ते, वजन वाढून राह्यलं," मी ओरडलो. "तुमचं वाढलं तवा मी काई म्हनलं काय?" ती म्हणाली. पाचव्यांदा विमान सरळ उडालं. "बाबा, आता हात नोका लावू त्याले!" मुलगी किंचाळली. मी तक्त्यात लिहिलं: लिंबू-मिरची, अडतीस ग्रॅम. बाकीचे चाळीस आकडे माझे होते, पण विमान उडालं ते या एकावर, हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही.