पंपाची मालकीण

दुपारची जेवणं उरकून शालन शिलाई मशीनवर हात टेकते, हातावर डोकं टेकते आणि डोळे आपोआप जड होतात. चार वाजता आण्णा येणार आहेत. आण्णा म्हणजे थोरले दीर. त्यांच्याबरोबर तालुक्याला जाऊन तिनं एका कागदावर सही करायची आहे, की रस्त्यावरचा पेट्रोल पंप आजपासून आण्णांच्या मुलाचा.

पंप मुळात तिचा बरं का. नवरा उत्तम सीमेवर मारला गेला, तेव्हा वीरपत्नी म्हणून सरकारनं तिला दिलेला. तेव्हापासून एकोणीस वर्षं आण्णा पंपावर खुर्ची टाकून बसतात आणि मालकीणबाई घरात बसून गावच्या ब्लाउजांना हुक लावतात. आता बोला. तिची मंजिरी बी.कॉम. झालीय, मी पंप चालवते म्हणते. आण्णा म्हणतात, पोरगी उद्या लोकाच्या घरी जाणार. आणि कुणी तोंड उघडलंच तर त्यांचं ठरलेलं उत्तर तयार असतं: उत्तम जाताना सगळं माझ्या हवाली करून गेलाय.

शालनचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. आण्णा खोटारडे, आपला माणूस तसा नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर तिनं दिवस काढलेत.

मशीनपलीकडं कुणीतरी बुटाचे बंद सोडतंय.

"चहा टाक," उत्तम म्हणतो.

एकोणीस वर्षांनी आला आणि चहा टाक म्हणतो. तिला हसू येतं, रागही येतो. ती आधण ठेवते.

"अहो, एक विचारू? आण्णांना तुम्ही खरंच काही सांगून गेला होता?"

"साखर बेतानं घाल," तो म्हणतो.

ती साखरेचा डबा उघडते तर समोर शाळेचं मैदान आहे. झेंडा वर गेलाय. माईकवर तिचं नाव पुकारतात, शाल देतात, नारळ देतात. मग हळदीकुंकवाची कोयरी फिरते. तिच्या अलीकडच्या बाईला लागतं, पलीकडच्या बाईला लागतं, आणि मधे शालन नारळ धरून बसलेली. पाहुण्यांच्या रांगेत उत्तम बसलाय, आण्णांच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"तुम्ही तिकडं कुठं बसलाय?" ती विचारते.

तो मान वळवत नाही. ती उठून त्याच्याकडं निघते, तर पायाखाली एसटी स्टँडची फरशी लागते. ही तर शेवटच्या रजेची सकाळ. लहानग्या मंजिरीला कडेवर घेऊन दुसरीच एक शालन तिकडं रसाच्या गुऱ्हाळापाशी उभी आहे, हिरव्या बांगड्या घातलेली, आणि भाऊ-भाऊ बोलतायत ते लांबून बघतेय. त्या दिवशी तिला काही ऐकू आलं नव्हतं. आज ती त्यांच्या पाठीमागंच उभी आहे.

"मला काय झालंच," उत्तम सांगतोय, "तर जे येईल ते तू बघ. तिला त्यातलं काय कळत नाही. सही तेवढी घेत जा."

शालन त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

"हे तुम्ही बोललात?"

"तुझ्या भल्यासाठीच बोललो."

"आणि मी आण्णांना शिव्याशाप देत बसले. रोज तुमच्या फोटोला हार घालून."

उत्तम टोपी हातात फिरवत राहतो. "सात वर्षांचा संसार," तो हळूच म्हणतो, "त्यात रजा वर्षाला दोन महिने. तुला मी भाकरी करताना बघितलं, धुणं धुताना बघितलं. दुसरं काही करताना कधी बघितलं, सांग?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

लष्कराचा ट्रक हॉर्न देतो. ट्रक पंपावर उभा आहे, टाकी कोरडी, आत मांडीला मांडी लावून जवान बसलेत. उत्तम वर चढून त्यांच्यात बसतो. पंपावर चिटपाखरू नाही.

"आण्णाला हाक मार," तो म्हणतो. "तुला जमायचं नाही ते."

शालन पदर खोचते. पाइप काढते, टाकीत घालते, खटका दाबते. मीटरचे आकडे पळायला लागतात. काही अवघड नाही यात. अगदीच काही अवघड नाही, हे कळल्यावर तिला रडू फुटतं. टाकी भरून वाहायला लागते, हातावर गार ओघळ येतात, तरी ती खटका सोडत नाही.

"सही करून टाक आज," ट्रकमधून तो म्हणतो. "घरात वाद नको."

नवऱ्याचं नाव ती आजवर फक्त उखाण्यात घेत आली. तेही तो गेल्यावर बंद झालं, विधवेला नाव घे म्हणतंय कोण?

"उत्तम," ती म्हणते. "जा आता."

"शालन, अगं ए, गाडी उभी आहे."

दारात आण्णा उभे आहेत, कागदांची पिशवी घेऊन. शालन मान उचलते. गालावर मशीनच्या कडेचा वळ उठलाय, तो ती हातानं चोळते आणि थांबते. हात नाकाशी नेते. मनगटापासून बोटांपर्यंत पेट्रोलचा वास येतोय.

"आण्णा, मी सही करणार नाही."

आण्णा उंबऱ्यावरच थबकतात. "हे बघ, उत्तमनं मला स्वतः सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता, माझंच चुकलं." ती उठून उभी राहते. "उत्तमनंच चुकीचं सांगितलं होतं."

तिच्या तोंडून ते नाव ऐकून आण्णा एक पाऊल मागं सरतात.

"पंपाच्या किल्ल्या द्या," शालन म्हणते आणि तोच हात पुढं करते.