चपट्या तारा
अठ्ठ्याण्णव साल, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. ओल्या हळदीचा वास आला की शेणव्यातला तो लग्नाचा मांडव आठवतो. बँजो पार्टीत मी बेस गिटार वाजवायचो. माझ्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली, म्हणून त्या गुळगुळीत आणि आवाज दबका, घुमणारा. पार्टीच्या मालकाने गोल गुंडाळीच्या खरखरीत तारांचं पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. "काका, उद्यापासून हीच लावा, नायतर मी दुसरा बघतो. तुमचा बेस पोरांना ऐकूच येत नाय." मी म्हटलं, "पोरं पायाने नाचतात, कानाने नाय." तेवढ्यात नवरीला हळद लावायची वेळ झाली. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण पुढे बसली आणि तिने सगळी वाद्यं थांबवली. पण तिचा गळा बसलेला, दुसऱ्याच ओळीला सूर सुटला. मी हळूच खालचा सूर धरला. बोट सरकलं तरी तार करकरली नाय. त्या सुरावर टेकून तिने गाणं पुरं केलं, मग मालकाला म्हणाली, "याला माज्याजवळ बसू दे रे, बाकीचे जेवाया जा." मालक हसला, "ऱ्हाऊ द्या काका, चपट्याच ऱ्हाऊ द्या." पाकीट मात्र मी परत दिलं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोल तारा परसातल्या कारल्याच्या मांडवाला ताणून बांधल्या.